जव्हार-मोखाड्याचा घाट आणि सायकलचे गिअर: पुढे एक चकती हवी की तीन?

पालघर जिल्ह्याचे दोन चेहरे आहेत. पश्चिमेला डहाणू, पालघर, वसईची सपाट किनारपट्टी आणि पूर्वेला सह्याद्रीच्या चढउतारांत वसलेले जव्हार, मोखाडा हे तालुके. जव्हार शहर समुद्रसपाटीपासून जवळपास ४५० मीटर उंचीवर आहे. विक्रमगडकडून या किंवा त्र्यंबकेश्वरहून तोरंगण घाट उतरून मोखाड्यामार्गे या, सायकलवर असाल तर चढ काही चुकत नाही.

या रस्त्यांवर मुंबई-नाशिकहून हौसेने येणारे सायकलस्वार असतात आणि रोज शाळा गाठणारी मुलंमुलीही. दोघांसाठी प्रश्न एकच आहे: चढावर सायकल चालवायची की हातात धरून ढकलायची? याचं उत्तर बरंचसं पॅडलजवळच्या आणि मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांमध्ये दडलेलं आहे.

गिअर म्हणजे नेमकं काय?

पॅडलजवळच्या दातेरी चकतीला चेनरिंग म्हणतात. मागच्या चाकावर फ्रीव्हील किंवा कॅसेट असते. पुढच्या दात्यांच्या संख्येला मागच्या दात्यांनी भागलं की गिअरचं गुणोत्तर मिळतं.

उदाहरणार्थ, बिनगिअरच्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर गुणोत्तर येतं २.४४. म्हणजे पॅडलची एक फेरी झाली की मागचं चाक जवळपास अडीच वेळा फिरतं. सपाट रस्त्यावर हे छानच. चढावर मात्र हाच गिअर जड जातो.

समजा, दर १०० मीटरला ६ मीटर चढणारा रस्ता आहे आणि मुलगी, दप्तर, सायकल मिळून वजन ७० किलो आहे. ढोबळ हिशेब केला तर २.४४ गुणोत्तरावर पॅडलवर सरासरी २० किलोंइतका जोर सतत लावावा लागतो. गुणोत्तर ०.८६ असेल तर हाच जोर ७ किलोंवर येतो.

यात जादू काहीच नाही. तेवढंच अंतर कापायला पॅडल जवळपास तिप्पट वेळा मारावं लागतं. गिअर एकूण मेहनत कमी करत नाही, ती लहान हप्त्यांत वाटून देतो.

स्टिकरवरचे '२१ गिअर' खरंच २१ असतात?

पुढे तीन आणि मागे सात चकत्या, म्हणून ३ × ७ = २१. जाहिरातीतला आकडा असा तयार होतो. पण अशा सायकलींवर नेहमी दिसणारी जोडणी बघा: पुढे ४२, ३४, २४ आणि मागे १४ ते २८ दाते. यात ४२ ला २४ ने भागलं तर १.७५, ३४ ला २० ने भागलं तर १.७० आणि २४ ला १४ ने भागलं तर १.७१ येतं. तीन वेगळे गिअर, पण पायाला जाणवणारा फरक जवळपास शून्य.

शिवाय पुढची सगळ्यात मोठी आणि मागचीही सगळ्यात मोठी, किंवा दोन्हीकडची सगळ्यात लहान चकती एकत्र वापरली तर चेन तिरकी चालते, आवाज करते आणि लवकर झिजते. त्यामुळे हे गिअर टाळायचे असतात. उरतात ते कामाचे गिअर २१ पेक्षा बरेच कमी.

मग महागड्या सायकलींना पुढे एकच चकती का?

'स्रॅम' या अमेरिकन कंपनीने २०१२ मध्ये माउंटन बाइकसाठी पुढे एक आणि मागे ११ चकत्या असलेली 'एक्सएक्स१' ही रचना आणली. मागची सगळ्यात मोठी चकती तब्बल ४२ दात्यांची होती. पुढच्या चकतीचे दाते एक जाड, एक बारीक असे ठेवल्यामुळे खडबडीत वाटेवरही चेन सहसा उतरत नाही. या प्रकाराला 'वन-बाय' म्हणतात.

पुढे ३२ आणि मागे ११ ते ४२ दाते असतील तर सगळ्यात हलकं गुणोत्तर ०.७६ आणि सगळ्यात जड २.९१. वरच्या '२१ गिअर'वाल्या सायकलचे आकडे आहेत ०.८६ ते ३. म्हणजे एका चकतीची सायकलही घाट तितक्याच, किंबहुना थोड्या अधिक सहजतेने चढू शकते.

जव्हार-मोखाड्यात काय सोयीचं?

वन-बायमध्ये पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग नसतो. पावसाळ्यात चिखल अडकण्याची आणि बिघडण्याची एक जागा कमी होते. पण मोठी कॅसेट महाग असते, चेन बारीक असते आणि सुटे भाग तालुक्याच्या दुकानात सहज मिळणं कठीण.

तीन चकत्यांच्या सात-स्पीड सायकलचे भाग स्वस्त असतात. मात्र पुढचा डिरेलर वेळोवेळी जुळवून घ्यावा लागतो. रोजच्या वापरासाठी दुरुस्ती जवळ होणं हाच अनेकदा निर्णायक मुद्दा ठरतो.

बिनगिअरच्या सायकलचं काय?

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान दिलं जातं. २०२२ मध्ये ते ३,५०० वरून ५,००० रुपये करण्यात आलं. एवढ्या पैशांत साधारणपणे बिनगिअरचीच सायकल येते. ती मैदानी भागात पुरेशी ठरते, घाटातल्या पाड्यांवर तिची कसोटी लागते.

अशा सायकलवर एक साधा उपाय आहे. मागचं १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून २२ दात्यांचं बसवायचं. गुणोत्तर २.४४ वरून २ वर येतं. आधीच्या उदाहरणात पॅडलवरचा २० किलोंचा जोर १६-१७ किलोंवर उतरतो. कधी चेनच्या एक-दोन कड्या वाढवाव्या लागतात. सपाटीवर वेग थोडा कमी होतो, पण उतरून ढकलण्याची वेळ कमी येते. तीव्र चढावर एवढ्याने भागणार नाही, हेही खरं.

ही युक्ती जुनीच आहे. टूर द फ्रान्स या जगप्रसिद्ध शर्यतीत १९३७ पर्यंत डिरेलरला परवानगी नव्हती. तेव्हा घाट आला की स्पर्धक उतरून मागचं चाक उलटं बसवायचे, कारण दुसऱ्या बाजूला जास्त दात्यांची चकती असायची.

सायकल घेताना काय तपासाल?

पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दाते मोजा आणि त्यांना मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीच्या दात्यांनी भागा. उत्तर १ किंवा त्याहून कमी आलं तर सायकल घाटासाठी बरी. २ च्या पुढे गेलं तर चढावर पायांचा कस लागणार. चकती एक आहे की तीन, हा प्रश्न त्यानंतरचा.