मोळी कशी बांधायची, ते सांग

दसरा झाला की पाथर्डी तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कारखान्यांकडं निघतात, ती मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. आई-बापाबरोबर फडात गेलेल्या दहा वर्षांच्या पोराला उसाची मोळी बांधता येते. बंध कशाचा करायचा, पीळ कुठं द्यायचा, गाठ कुठल्या बाजूला आणायची, सगळं त्याच्या हातांना ठाऊक असतं. (ते ठाऊक असावं लागतं, ही वेगळी खंत.) वर्गात त्यालाच म्हणा, ‘मला येत नाही, तोंडानं सांग.’ ते म्हणेल, ‘असं धरायचं, असं फिरवायचं, झालं.’ शाळांनी गेल्या कित्येक पिढ्यांत या ‘असं’चं काय केलं, ते पाहण्यासारखं आहे.

सुरुवात बरी होती. 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली आणि हातकामाला शाळेत मान मिळाला. टकळी आली, सूतकताई आली. पण सूचना द्यायच्या गुरुजींनी आणि पाळायच्या मुलांनी, ही वाटणी बदलली नाही. 1967 मध्ये बालभारती स्थापन झाली, राज्यभर एकसारखी पुस्तकं गेली. विज्ञानाच्या वहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे मथळे रांगेनं आले. ‘कृती’ म्हणजे पायरीपायरीनं सांगणंच की! पण ती फळ्यावरून उतरवून घ्यायची आणि परीक्षेत जशीच्या तशी लिहायची. प्रयोग न करताही पूर्ण गुण मिळत. कार्यानुभवाच्या तासाला कागदाची होडी तरी व्हायची, पण ती कशी केली हे दुसऱ्याला सांगायला कुणी लावत नसे.

त्या काळात हे काम शाळेपेक्षा स्वयंपाकघरानं चांगलं केलं, असं माझं मत आहे. 1970 साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि घराघरातल्या ‘अंदाजानं मीठ’ला वाटी-चमच्याचं माप मिळालं. परगावी संसार मांडलेल्या, जवळ सासू ना आई अशा मुलीला पुस्तक उघडून पदार्थ करता आला. समोर नसलेल्या, उलट प्रश्न विचारू न शकणाऱ्या माणसाला कुठं अडेल, हे लिहिणारीनं आधीच ओळखलं होतं. सूचना देण्याची सगळी विद्या एवढ्यात येते.

तिकडं अमेरिकेत सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा केली. पुढं तिच्यात एक कासव आलं. ‘इतकं पुढं जा, इतकं वळ’ असं मुलानं सांगायचं, कासव तेवढंच करणार. चौकोन हवा होता आणि भलतंच काही उमटलं, तर दोष कासवाचा नाही, सांगण्यात काय राहिलं ते शोधायचं. आपल्याकडं 1984 मध्ये ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांना संगणक मिळाले. जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत संगणक पोचायला फार वर्षं गेली, आणि पोचला तेव्हा मुलांनी संगणकाच्या भागांची नावं पाठ केली!

खरा बदल 2010 नंतरचा. 1 एप्रिलला शिक्षण हक्क कायदा लागू झाला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पाठोपाठ परिसर अभ्यासाच्या नव्या पुस्तकांत ‘सांगा पाहू’, ‘करून पहा’ असे मथळे दिसू लागले. 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’नंतर तर वर्गातली जमीनसुद्धा रंगली. यातलं किती टिकलं यावर वाद घालता येईल. पण शिक्षकाला खेळ घ्यायला सवड आणि सबब मिळाली, हे नक्की.

त्यातला एक खेळ जगभर चालतो. तिकडं पावाला लोणी-जॅम लावतात, इथं लिंबाचं सरबत बरं. शिक्षकानं मठ्ठ व्हायचं आणि मुलं सांगतील तेवढंच करायचं. ‘लिंबू पिळा.’ शिक्षक अख्खं लिंबू मुठीत दाबतो. ‘कापा आधी!’ कशानं? ‘सुरीनं.’ तो सुरी नुसती लिंबावर ठेवतो. ‘साखर टाका.’ किती? डबा पालथा होऊ लागला की वर्ग ओरडतो. घरी रोज चूल पाहणाऱ्या मुली हे चटकन सांगतील असं वाटतं, पण त्याही अडतात, कारण जे फार सवयीचं झालं त्याच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. दुसऱ्या फेरीला मात्र मुलं थांबून, शिक्षकाच्या हाताकडं बघत बोलू लागतात.

रस्ता सांगण्याचंही तसंच. मोहट्याला कसं जायचं, तर ‘खाली उतरायचं, मग वर’. गर्भगिरीच्या कुशीत वाढलेल्याला हे वर-खाली कळतं. पण होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीच्या यात्रेला कुठून कुठून माणसं येतात, त्यांना कुठलं वर आणि कुठलं खाली?

या खेळात मला भाषेइतकीच दुसरी गोष्ट मोलाची वाटते. कष्टकऱ्याच्या पोराच्या कानावर दिवसभर आज्ञा पडतात. मुकादम बापाला सांगतो, बाप पोराला, शाळेत गुरुजी. सांगणं हा वरच्याचा हक्क, हे ते न शिकवता शिकतं. ते पोर गुरुजींना ‘झाकण उघडा’ म्हणतं तेव्हा वर्ग आधी हसतो. मग पोराचा आवाज बदलतो, कारण आता चूक झाली तर ती त्याच्या सांगण्याची. हा अधिकार आणि ही जबाबदारी त्याला बाहेर इतक्या लहानपणी कुणी देत नाही.

2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि फोनवर अभ्यास सुरू झाला. ज्यांच्या घरी साधाच फोन होता त्यांच्या ‘हे बघा, असं’चा काही उपयोग होईना, कारण बोट पलीकडं दिसत नव्हतं. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं माध्यमिक टप्प्याआधीच, सहावीपासून, कोडिंगची ओळख सुचवली. मला भीती आहे ती त्याचीही व्याख्या पाठ करायला लावण्याची. सरबत नीट सांगता येणाऱ्या मुलाला पुढं संगणक जड जाणार नाही.

म्हणून तालुक्यातल्या शिक्षकांना एक विनंती. हा तास दसऱ्याआधी घ्या, पटावरची सगळी मुलं वर्गात असताना. आणि फडावरून परतलेल्या मुलाची बुडालेली उजळणी घेण्याआधी त्याला एकदा पुढं उभं करा, हातात दोरी नि ज्वारीची ताटं घेऊन तुम्ही बसा, आणि मोळी कशी बांधायची ते त्याच्याकडून शिका.