कोपीतली गरोदर बाई आणि टाळेबंदी

बीड-जालन्याहून दिवाळीच्या सुमारास हजारो ‘कोयते’ ऊसतोडीसाठी सातारा-सांगलीच्या फडांवर उतरतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) दोघांच्या कामावर घेतलेली, त्यामुळे पोटुशी बाईही डोक्यावर मोळी वाहते. मुक्काम कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत; बहुतेक तळांवर ना संडास, ना न्हाणी, आणि पाणी लांबून आणायचं.

24 मार्च 2020च्या मध्यरात्री कोरोनाची टाळेबंदी लागली, तेव्हा हंगाम संपत आला होता. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात महिनाअखेरीस कोरोनाचे वीसहून अधिक रुग्ण सापडले आणि गावोगावच्या वेशी बंद झाल्या. राज्यभर सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकले. गावी परतायची मुभा मिळाली ती एप्रिलच्या मध्यावर.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. इथे कोपीत अडकलेल्या गरोदर बाईचे दिवस भरत आलेले, पण आई दोन-तीन जिल्हे पलीकडे आणि ओळखीची आरोग्य-स्वयंसेविका आशाताईही गावाकडेच. या बाईच्या जिवाची घालमेल कोणी विचारली? अशी घालमेल बाळंतपणानंतर नैराश्यात बदलू शकते; ते नैराश्य ओळखायला दहा प्रश्नांची एडिनबर्ग प्रश्नावली 1987पासून आहे. ती फडापर्यंत न्यायला हवी.

मन खचलं तर: टेली-मानस हेल्पलाइन, 14416 (विनामूल्य, मराठीतही).