इंग्लंडच्या दवाखान्यांनी हवेचा हिशेब कसा मांडला?



ऊस काट्यावर चढल्याशिवाय आपण कुणाचा हिशेब मानत नाही. नुसत्या नजरेनं ‘असेल वीस टन’ म्हणणाऱ्याला आपण हसतो. मग हवेत जाणारा, डोळ्यांना न दिसणारा वायू मोजायचा कसा? इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने हे काम केले आहे. त्यातून आपल्यालाही घेण्यासारखे आहे, म्हणून ही माहिती देत आहोत.

ही सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. तिचा खर्च मुख्यतः करांतून चालतो. ऑक्टोबर २०२० मध्ये तिने ठरवले की, पृथ्वी तापवणाऱ्या वायूंचे आपल्या ताब्यातले उत्सर्जन २०४० पर्यंत, आणि माल पुरवणाऱ्यांसकट सगळे २०४५ पर्यंत निव्वळ शून्यावर आणायचे. पण कमी करायचे तर आधी मोजले पाहिजे.

वायू अनेक, आणि प्रत्येकाची उष्णता धरून ठेवण्याची ताकद निराळी. युरियाच्या पोत्यात ४६ टक्के नत्र, अमोनियम सल्फेटच्या पोत्यात २१ टक्क्यांच्या आसपास. म्हणून आपण पोती न मोजता नत्राचे किलो मोजतो. तसेच येथे सर्व वायू कार्बन डायऑक्साइडच्या टनांत आणतात. भूल देताना वापरतात तो नायट्रस ऑक्साइड वजनाला वजन सुमारे २७० पट भारी धरतात.

मग ढीग पाडले. बॉयलर, गाड्या आणि भुलीचे वायू हा पहिला. विकत घेतलेली वीज हा दुसरा. औषधे, उपकरणे, जेवणखाण, नोकरवर्गाचे येणे-जाणे हा तिसरा. रोगी आणि भेटीला येणारे यांचा प्रवासही सोडला नाही.

२०१९ सालची बेरीज निघाली सुमारे २ कोटी ५० लाख टन. १९९० पेक्षा ती २६ टक्क्यांनी कमी होती. आम्हाला वाटले होते, दोष बहुतेक धुराड्याचाच असणार. पण ६२ टक्के वाटा निघाला विकत घेतलेल्या मालाचा! प्रत्यक्ष सेवा देण्यात २४ टक्के, प्रवासात १० आणि बाहेरच्या खासगी दवाखान्यांकडून घेतलेल्या सेवेत ४ टक्के.

मात्र या मोजणीत एक मेख आहे. खरेदीचा बराचसा हिशेब रुपयांवरून, म्हणजे त्यांच्या पौंडांवरून, मांडतात. इतक्या पौंडांचा माल म्हणजे सरासरी इतका वायू. आता कुणी चांगला, कमी धुराचा पण महाग माल घेतला तर कागदावर वायू उलट वाढलेला दिसेल! म्हणून मालागणिक खरी मोजणी हवी. उसाचे बिल पाहून उतारा सांगता येत नाही, तसेच हे.

खरी मोजणी काय करते ते पाहा. ब्रिटनमधील काही दवाखान्यांनी ताळा लावला: नायट्रस ऑक्साइड खरेदी किती आणि भूल देताना वापरला किती? बहुतेक वायू रोग्यापर्यंत पोचण्याआधीच गळत होता. तेव्हा त्यांनी भिंतीतली नळयोजना बंद करून गरजेपुरते लहान सिलिंडर ठेवायला सुरुवात केली. रोग्याचे काही अडले नाही.

तुम्ही म्हणाल, याच्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे. हाच नायट्रस ऑक्साइड आपल्या उसाच्या फडातूनही निघतो. जास्तीचा युरिया फेकला, वर पाटाचं पाणी तुंबवलं, की पिकाला न लागलेल्या नत्राचा काही भाग या वायूच्या रूपाने उडून जातो. म्हणजे पैसा आपला जातो आणि हवाही बिघडते. आपल्या रानात गळकी नळी दिसत नाही, एवढाच फरक.

तेव्हा सभासदांना आमची विनंती आहे: या हंगामात प्लॉटवार एक वही ठेवा. माती तपासून घ्या. युरियाची किती पोती, कोणत्या तारखेला, किती हप्त्यांत दिली ते लिहा आणि शेवटी एकरी टनेजशी ताळा लावा. पोती वाढूनही टनेज वाढले नसेल, तर गळती कुठे आहे ते तुमचीच वही सांगेल.