कुंकवाचे दोन तुकडे

दौंड-कुर्डुवाडी लोहमार्गावरचं केम हे करमाळा तालुक्यातलं गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. हाताने फोकस करायचा एखादा जुना रोलचा कॅमेरा घेऊन तिथे गेलात, तर पहिला फोटो एखाद्या आजींच्या कपाळाचा काढा, अर्थात त्यांना विचारून.

निकॉन एफएम २ सारख्या कॅमेऱ्यात डोळा लावला की मधोमध एक छोटं वर्तुळ दिसतं. त्यात कुंकवाचे दोन तुकडे झालेले असतात. वरचा अर्धा डावीकडे सरकलेला, खालचा उजवीकडे. लेन्सवरचं कडं फिरवा. तुकडे एकमेकांकडे सरकतात आणि जुळले की फोकस झाला! ही किमया पाचरीच्या आकाराच्या दोन इवल्या काचांची आहे. त्यांचे उतार एकमेकांच्या उलट असतात. प्रतिमा नेमकी त्यांच्या पातळीवर पडली तरच ती अखंड राहते, पुढेमागे झाली की फाटते. तिथे ना मोटर असते, ना सेल लागतो. या कॅमेऱ्याचा सेल फक्त उजेड मोजण्यापुरता असतो. तो संपला तरी शटर चालतं.

मग उजेड मोजायचा कसा? सोलापूरकडच्या लख्ख उन्हात सोपं आहे. लेन्सचं छिद्र १६ वर ठेवा आणि १०० आयएसओच्या रोलला शटर १/१२५.

आता खरी गंमत. घरातला खूप जुना फोटो काढून बघा. पणजीच्या कपाळावरचं कुंकू त्यात काळंभोर दिसू शकतं. कारण फोटोतल्या चांदीच्या क्षारांना मुळात निळा-जांभळा प्रकाशच जाणवतो. १८७३ मध्ये हेरमान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला आढळलं, की ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर त्यांना हिरवाही 'दिसू' लागतो. लाल मात्र पुढेही बराच काळ अंधारातच राहिला. सगळे रंग ओळखणाऱ्या फोटोच्या काचा (प्लेट्स) १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या. कृष्णधवल फोटोच्या कागदाला आजही लाल दिसत नाही, म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालतो.

आजच्या कृष्णधवल रोलवर तेच कुंकू राखाडी उमटतं. लेन्सवर लाल काचेचा फिल्टर चढवा, छिद्र १६ वरून ५.६ वर आणा, आणि ते जवळजवळ पांढरं होतं. लाल काच कुंकवाचा उजेड सोडते आणि बाकीचा अडवते.

असा कॅमेरा जुनाच घ्यावा लागतो, म्हणून घेताना घाई नको. लेन्समधून टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. सेलचं झाकण उघडून हिरवट गंज नाही ना ते बघा. मागचं दार उघडून शटर एका सेकंदावर दाबा आणि कानाने मोजा. दाराच्या कडेचा काळा फोम चिकट झाला असेल तर उजेड आत शिरून रोल खराब होईल. फोम मात्र बदलता येतो, तेवढ्यासाठी कॅमेरा नाकारू नका.

पहिल्या रोलवर केमचं कुंकू दोनदा टिपा, फिल्टरशिवाय आणि फिल्टर लावून. रोल धुऊन आला की दोन्ही फोटो पणजीच्या फोटोशेजारी मांडा. एक काळं, एक राखाडी, एक पांढरं. तिन्ही कुंकवंच, पण लाल त्यांत एकही नाही.