जुन्या मोटारीची गळकी टाकी

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणीच पाठ केलेली असते. तिची उलट बाजू मात्र ज्याच्या दारी जुनी मोटार उभी आहे त्या गृहस्थालाच नीट कळते. थेंबाथेंबाने तळे जसे साचते, तशीच थेंबाथेंबाने टाकी रितीही होते. गणिताची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब करून पाहावा. टाकीतून दर सेकंदाला पेट्रोलचा एकच थेंब पडतो असे समजू. चोवीस तासांत ८६,४०० थेंब पडतील. पन्नास थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर एका दिवसात पावणेदोन लिटरांच्या जवळपास पेट्रोल मातीत जाईल. महिनाअखेर हा आकडा पन्नास लिटरांच्या वर जातो. परंतु पैशाची ही हानी आम्ही दुय्यम मानतो. खरा प्रश्न घराच्या आणि घरातील माणसांच्या सुरक्षिततेचा आहे. म्हणूनच या विषयाची शास्त्रीय बाजू येथे थोडी विस्ताराने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या भागात जुन्या मोटारी अद्याप बऱ्याच घरी जतन केलेल्या दिसतात. १९५७ ते २०१४ या काळात तयार होत असलेली अँबॅसेडर, प्रीमियर पद्मिनी, १९८३ साली प्रथम रस्त्यावर आलेली मारुती ८००, अशा गाड्या कोणाच्या आजोबांनी, कोणाच्या वडिलांनी हौसेने घेतलेल्या असतात. त्यांच्यावर घरच्यांचा जीव असतो. अशा गाड्यांच्या टाक्या पोलादी पत्र्याच्या असतात. दोन खोलगट भाग एकमेकांवर ठेवून त्यांच्या कडा जोडलेल्या असतात, आणि गंज लागू नये म्हणून पुष्कळदा पत्र्यावर शिसे व कथील यांच्या मिश्रधातूचा पातळ मुलामा दिलेला असतो. आपल्या आजीच्या पितळी भांड्यांना जशी कल्हई, तसाच हा मुलामा. कल्हई उडाली की भांडे कळकते. मुलामा उडाला की टाकी गंजते.

हा गंज दोन्ही बाजूंनी येतो. बाहेरून येणारा गंज आपल्या परिचयाचा आहे. समुद्रावरून येणारी खारट हवा, चार महिन्यांचा पाऊस, आणि टाकीच्या पट्ट्यांखाली साचून राहणारा ओला चिखल हे त्याचे सोबती. आतून येणारा गंज मात्र डोळ्यांना दिसत नाही. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतील बाष्पाचे पाणी होते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी जाऊन बसते आणि तेथून हलत नाही. वर पेट्रोल, खाली पाणी आणि त्याखाली पत्रा, अशी ही मांडणी वर्षानुवर्षे राहिली की तळाला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडू लागतात. अलीकडे यात आणखी एका कारणाची भर पडली आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ साली ते वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली आणि पाण्याचा अंश मर्यादेबाहेर गेला, की इथेनॉल व पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो आणि तो पत्र्याला खातो. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व वॉशर या मिश्रणासाठी बनविलेलेच नव्हते. ते फुगतात, मऊ होतात किंवा तडकतात.

आता पेट्रोलचा स्वभाव पाहू. रॉकेल साधारणतः ३५ अंश सेल्सिअसच्या खाली पेट घेण्याइतकी वाफ देत नाही. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही तशी वाफ देते. म्हणजे आपल्या हवामानात ते सदैव पेटण्यास सिद्धच असते. त्याची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते. म्हणून ती वर न जाता जमिनीलगत पाण्यासारखी पसरते, पायरी उतरते, गटारात शिरते, आणि दूरवर तेवत असलेल्या दिव्यापर्यंत मुकाट्याने जाऊन पोहोचते. ज्या अंगणात गाडी उभी असते त्याच अंगणात पुष्कळदा तुळशीवृंदावन असते व संध्याकाळी तेथे निरांजन लावले जाते. गाडीखाली पेट्रोलचा वास येत असता त्या दिवशी तो दिवा घरात, देवापुढे, दार लावून लावावा; यात श्रद्धेला कोणताही बाध येत नाही.

याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक भयंकर असते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्के असले तरच ते मिश्रण पेटते. भरलेल्या टाकीत हवा फारशी नसतेच. उलट चाळीस लिटरांची टाकी ‘रिकामी’ केल्यावर तिच्या कोपऱ्यात अवघे तीन मिलिलिटर पेट्रोल, म्हणजे चहाचा अर्धा चमचा भरून थोडे अधिक, राहिले, तरी त्याची वाफ ती संपूर्ण टाकी स्फोटक करण्यास पुरते. ‘टाकी तर कोरडी आहे, लावू या डाख’ असे म्हणणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. पेट्रोलची वाफ ठिणगीवाचूनही २५० ते २८० अंशांच्या सुमारास आपोआप पेटते, आणि डाख देण्याच्या तापलेल्या खिळ्याचे टोक त्याहून पुष्कळ गरम असते. वेल्डिंगची तर गोष्टच नको. म्हणून पहिला नियम असा : घरी जी दुरुस्ती करावयाची ती थंडच करावयाची. जेथे उष्णता लागेल तेथे काम टाक्या बनविणाऱ्या जाणत्या कारागिराकडे सोपवावे. तो टाकी वाफेने दीर्घकाळ धुऊन, पेटण्याजोगे काही उरले नाही याची खात्री करून घेऊनच जोडकाम करतो.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे गळती नेमकी कोठे आहे हे शोधणे. येथे ‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ असा प्रकार फार होतो. थेंब जेथून पडतो तेथेच छिद्र असते असे नाही. पेट्रोल पत्र्यावरून वाहत येऊन सर्वांत खालच्या टोकाला टपकते. शिवाय दोष टाकीचा नसून पेट्रोल भरण्याच्या तोंडाजवळील रबरी नळीचा, तळाच्या बुचाखालील वॉशरचा किंवा पेट्रोल दाखविणाऱ्या काट्याच्या यंत्राखालील गॅस्केटचा असू शकतो. तसे असल्यास दुरुस्ती थोड्या पैशांत उरकते. काठोकाठ भरलेली टाकी उन्हात उभी राहिली तरीही पेट्रोल बाहेर येते, कारण दर दहा अंश उष्णतेमागे ते सुमारे एक टक्का प्रसरण पावते. चाळीस लिटरांत हे प्रसरण जवळजवळ दोन पेले होते. तेव्हा आधी संशयित भाग फडक्याने कोरडा पुसावा आणि त्यावर शाळेतल्या खडूची बारीक भुकटी उडवावी. थोड्याच वेळात जेथे भुकटी प्रथम ओली होईल ते गळतीचे मूळ. दिवसाच्या उजेडात हे काम करावे. काडी, मेणबत्ती किंवा तारेला लटकविलेला विजेचा दिवा घेऊन गाडीखाली कदापि जाऊ नये.

छिद्र सापडताच पुष्कळ जुने चालक त्यावर कपडे धुण्याच्या साबणाची वडी घासतात. हा उपाय अडाणीपणाचा नाही. साबण पाण्यात विरघळतो, पेट्रोलमध्ये विरघळत नाही. म्हणून तो काही काळ बूच होऊन बसतो. पण पावसाचे पाणी लागले की तो धुऊन जातो. टाकी रिकामी करीपर्यंतचा तो आधार आहे, प्रवासाचा परवाना नव्हे. याउलट सायकलच्या पंक्चरचे रबर सोल्यूशन मुळीच उपयोगी नाही. ते सोल्यूशन म्हणजे पेट्रोलच्याच जातीच्या द्रावात विरघळविलेले रबर असते. ज्यात ते विरघळले त्याला ते कसे अडविणार? डांबर आणि मेण यांचेही तेच.

टाकी रिकामी करताना गाडी उघड्यावर, सपाट जागी, घरापासून व विहिरीपासून दूर उभी करावी. चाकांना लाकडी ठोकळे लावावे. सर्वांत आधी बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडवावी, म्हणजे पुढे कोठे ठिणगी पडणार नाही. जवळ वाळूची बादली आणि कोरड्या पावडरीचे अग्निशामक नळकांडे असावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतल्यास पेट्रोल पाण्यावर तरंगून आग अधिकच पसरते. पेट्रोल धातूच्या डब्यात घ्यावे, डबा जमिनीवर ठेवावा, आणि डबा व टाकी एका तांब्याच्या तारेने जोडावी, जेणेकरून वाहत्या पेट्रोलमुळे उत्पन्न होणारी स्थिरविद्युत् ठिणगीच्या रूपाने बाहेर पडणार नाही. प्लॅस्टिकची बादली या कामी वर्ज्य. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची वाईट सवय तर पूर्णपणे टाकून द्यावी. एक घोट चुकून श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसांना गंभीर सूज येते. हाती दाबण्याचा साधा पंप बाजारात मिळतो; तो वापरावा. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

टाकी उतरवून घेतल्यावर ती गरम पाणी आणि धुण्याची पावडर यांनी दोनतीनदा खळखळून धुवावी आणि उघड्यावर वाळवावी. ते पाणी गटारात ओतू नये. आपली जांभ्या दगडाची जमीन सच्छिद्र आहे. वर सांडलेले झिरपत खाली जाते आणि आपल्याच विहिरीत उतरते. पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकते व ते कर्करोगास कारण होणारे द्रव्य आहे. हे पाणी डब्यात भरून, गाड्यांच्या वापरलेल्या तेलाची रीतसर विल्हेवाट लावणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

आता छिद्राभोवतीचा गंज पॉलिश पेपरने हाताने, पाण्यात भिजवून घासावा. यंत्राची चकती ठिणग्या उडविते, म्हणून ती नको. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत, छिद्राच्या चोहोबाजूंनी दोन बोटे रुंद जागा मोकळी करावी. पुष्कळदा एक छिद्र घासताना शेजारी आणखी चार उघडी पडतात. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. ती आधीपासून होतीच. मग ती जागा थिनरने पुसून पूर्ण कोरडी होऊ द्यावी. तेलकट किंवा ओल्या पत्र्यावर कोणताही लेप धरत नाही. दोन भागांत मिळणारा, पेट्रोलला टिकणारा इपॉक्सी लेप वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणात एकजीव मळावा. त्याच्या दोन घटकांत रासायनिक क्रिया होऊन असे जाळे तयार होते की जे पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पहिला पातळ थर दाबून छिद्रात बसवावा, त्यावर काचतंतूच्या कापडाचा तुकडा ठेवावा, आणि वरून दुसरा थर देऊन कडा निमुळत्या कराव्या. हातात मोजे असावेत. किमान चोवीस तास, आणि पावसाळ्यात त्याहून अधिक, त्याला हात लावू नये.

परीक्षा दोन टप्प्यांत घ्यावी. प्रथम टाकीत पाणी भरून ती रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवावी. पण पाणी थांबले म्हणजे पेट्रोल थांबेलच असे नाही. पाण्याचा पृष्ठताण पेट्रोलच्या तिपटीहून अधिक असल्यामुळे ज्या सूक्ष्म छिद्राशी पाणी अडते त्यातून पेट्रोल सहज निसटते. म्हणून टाकी पूर्ण वाळवून, गाडीवर चढविण्यापूर्वी, उघड्यावर दोनतीन लिटर पेट्रोल घालून पुन्हा नवे वर्तमानपत्र खाली अंथरावे आणि दोनतीन तासांनी पाहावे. कागद कोरडा राहिला तर काम साधले.

मात्र प्रत्येक टाकी दुरुस्तीयोग्य नसते. तळाला बोटाने दाबताच पत्रा लवत असेल, कडेचा जोड लांबवर उकलला असेल, किंवा धुतलेल्या पाण्यातून गंजाचे पापुद्रे सुटत असतील, तर लेपाने केवळ फसवणूक होईल. तेथे नवी टाकीच बसवावी. अलीकडच्या गाड्यांतील प्लॅस्टिकच्या टाक्यांवर हा लेप धरतच नाही. त्या बदलाव्याच लागतात. दुरुस्त झालेल्या टाकीचीही पुढे निगा हवी : ती फार काळ अर्धी रिकामी ठेवू नये, आठवड्यातून एकदा तरी गाडी चालवावी, आणि दर पावसाळ्यानंतर तिच्या पट्ट्यांखालचा चिखल काढून टाकावा.

विद्यार्थी मित्रहो, हा लेख वाचून तुमच्यापैकी कोणी एकट्याने पाना हाती घ्यावा असा आमचा हेतू नाही. हे काम वडीलधाऱ्यांचे व जाणत्या कारागिराचे आहे. पण खडूची भुकटी आणून देणे, वाळूची बादली भरून ठेवणे, धाकट्या भावंडांना दूर नेणे, आणि काम चालू असता कोणी विडी शिलगावू लागल्यास त्याला नम्रपणे पण ठामपणे थांबविणे, हे तुम्हांला करता येईल. मोठ्या माणसाला थांबविण्यास संकोच वाटतो हे आम्ही जाणतो. परंतु कारण ज्याला माहीत असते त्याचा शब्द वजनदार होतो. ते कारण आता तुम्हांला ठाऊक आहे. अर्ध्या चमच्याचा तो हिशेब त्यांना सांगा.