हनुवटीखालचा पट्टा

सुट्टीत गावी गेलो की कुणीतरी हमखास म्हणतेच, "तुमच्या जपानी लोकांचे काय हो, शिस्त त्यांच्या रक्तातच! आपल्याकडे नाही जमायचे ते." विषय बहुधा हेल्मेटचा निघालेला असतो. पूर्वी आम्हीही मान डोलवीत असू. पण तोक्योत राहून इथल्या रस्त्यांचा इतिहास चाळला आणि ही समजूत किती खोटी आहे ते कळले.

१९७० साली जपानमध्ये रस्त्यांवरील अपघातांत १६,७६५ माणसे दगावली. आजवरचा तो उच्चांक. लोक त्या काळाला 'कोत्सू सेन्सो', म्हणजे रहदारीचे युद्ध म्हणत. २०२४ साली हाच आकडा २,६६३ होता. हे एकट्या हेल्मेटचे श्रेय नव्हे. पदपथ, सिग्नल, रुग्णवाहिका, मोटारींची सुधारलेली बांधणी या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. पण दुचाकीस्वाराचे डोके कसे झाकले गेले, ती कथा मात्र ऐकण्यासारखी आहे.

पायरी पायरीने

ती एका फटक्यात घडली नाही. १९६५ साली फक्त द्रुतगती मार्गांवर हेल्मेट घालण्याचा 'प्रयत्न करावा' असे कायद्याने सांगितले. १९७२ साली वेगवान रहदारीच्या इतर रस्त्यांवरही ते घालणे आवश्यक ठरले, पण शिक्षा नव्हती. शिक्षेची तरतूद आली १९७५ साली, तीही ठरावीक रस्त्यांपुरती आणि ५० सीसीहून मोठ्या गाड्यांना. १९७८ साली त्या गाड्यांना सर्व रस्त्यांवर सक्ती झाली. लहान गाड्या तरीही सुटल्याच होत्या.

आणि नेमक्या त्याच वेळी लहान गाड्यांचे पेव फुटले होते. १९७६ साली होंडाने 'रोडपाल' काढली आणि तिच्या जाहिरातीत चक्क सोफिया लॉरेन झळकली. पाठोपाठ १९७७ साली यामाहाची 'पासोल' आली. बाजारहाट करणाऱ्या गृहिणी या गाड्यांवर स्वार झाल्या. केस विस्कटतात, एवढ्याशा अंतराला कशाला, उकडते, ही सारी कारणे जपानी भाषेतही अस्तित्वात आहेत, वाचकहो! अखेर जुलै १९८६ मध्ये ५० सीसीच्या गाड्यांनाही सक्ती झाली. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत एकवीस वर्षे लागली. त्यानंतर या गाड्यांचा खप घसरला, तरी कायदा मागे घेतला गेला नाही. उलट कारखानदारांनीच सीटखाली हेल्मेट मावेल असा कप्पा केला. आज आपल्या स्कूटरच्या डिकीत भाजीची पिशवी ठेवताना त्या कप्प्याचा हा पूर्वेतिहास आठवायला हरकत नाही.

आणखी एक गंमत. हेल्मेट नसले तर इथे रोख दंड होत नाही. परवान्यावर एक दोषांक नोंदला जातो, इतकेच. मात्र असे सहा दोषांक साठले की परवाना काही काळ निलंबित होतो. पैसे टेकवून सुटण्याची सोय नाही, हीच त्यातली ग्यानबाची मेख.

थर्मोकोलची करामत

हेल्मेट काम करते ते कसे? बाहेरचे टणक कवच आघात पसरवते, पण खरी किमया आतल्या थर्मोकोलसारख्या थराची. डोके आपटते तेव्हा तो थर चेपतो आणि डोके थांबायला क्षणाचा काही अंश जास्त मिळतो. मेंदू वाचतो तो त्या उसन्या वेळेमुळे. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघातात सापडलेले हेल्मेट वरून कितीही धड दिसले तरी टाकून द्यावे. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की, हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो.

पण हे सारे हनुवटीखालचा पट्टा बांधला असेल तरच. पट्टा सैल असला की पहिल्याच धक्क्याला हेल्मेट उडून जाते आणि रस्त्यावर आपटते ते उघडे डोके. म्हणूनच तोक्योचे पोलीस 'हेल्मेट घाला' एवढ्यावर थांबत नाहीत. 'पट्टा आवळा' हेही बजावतात आणि छातीचे रक्षक कवच घालण्याचाही आग्रह धरतात.

रक्तात नव्हे, सवयीत

शिस्त रक्तात असती तर सायकलवरही दिसली असती. १ एप्रिल २०२३ पासून सायकलस्वारांनी हेल्मेट घालण्याचा प्रयत्न करावा असा नियम आहे, शिक्षा नाही. २०२४ साली पोलिसांनी देशभर पाहणी केली, तेव्हा १७ टक्केच सायकलस्वारांच्या डोक्यावर हेल्मेट दिसले. त्याच पाहणीत एहिमे प्रांतात मात्र ६९.३ टक्के! लोक जपानीच, मग हा फरक कशाचा? एहिमेत २०१५ पासून सायकलने येणाऱ्या प्रांतिक माध्यमिक शाळांच्या मुलामुलींना हेल्मेट आवश्यक केले गेले. आता त्यातली पहिली मुले मोठी झाली आहेत.

आता आपल्या घरात डोकावू. भारतात २०२२ साली हेल्मेट न घातल्यामुळे ५०,०२९ दुचाकीस्वार गेले, आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात अंमलबजावणी कडक झाली, तेव्हा डोक्यावर पुणेरी पगड्या चढवून मोर्चा निघाला. आम्ही इथे बसून त्या बातम्यांना हसलो. पण खरे सांगायचे तर हसण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. निशी-कासाईत पोराला सायकलच्या मागच्या आसनावर बसवताना आम्ही आधी त्याच्या हेल्मेटचा पट्टा तपासतो. आणि तीच आम्ही मंडळी पुण्याला उतरलो की भाच्याच्या स्कूटरवर मागे, बोडक्या डोक्याने, मंडईपर्यंत निर्धास्त जातो. "इथेच तर जायचंय!" हे वाक्य विमानातून उतरताच आमच्या तोंडी कसे येते, कोण जाणे.

तेव्हा यंदा गावी जाणाऱ्यांना एक विनंती. भाच्यासाठी इथून महागडे हेल्मेट नेऊ नका. मापात चूक झाली तर ते निरुपयोगी, शिवाय भारतात जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याचेच हेल्मेट विकता येते. त्याला दुकानात घेऊन जा, त्याच्या डोक्यावर घट्ट बसेल असे निवडा. आणि एक नव्हे, दोन घ्या. दुसरे मागे बसणाऱ्यासाठी, म्हणजे बहुधा तुमच्यासाठीच. मग मंडईला निघताना ते घाला आणि पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरू करू देऊ नका. भाचा हसेल. हसू द्या.