नव्या कराराची प्राचीन हस्तलिखिते : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बायबलच्या नव्या करारात सत्तावीस पुस्तके आहेत. त्यांपैकी एकाचीही मूळ प्रत, म्हणजे लेखकाच्या किंवा त्याच्या लेखनिकाच्या हातची प्रत, आज अस्तित्वात नाही. पौलाची पत्रे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर लिहिली गेली, शुभवर्तमाने त्यानंतरच्या काही दशकांत. ज्या पपायरसवर ती लिहिली तो हाताळून झिजला, दमट हवेत कुजला. उरल्या त्या नकला आणि नकलांच्या नकला. एवढ्या एका गोष्टीवरून दोन टोकांचे समज पसरले. मजकूर इतका बदलला की मुळात काय होते ते आता कळणारच नाही, असे एक बाजू सांगते. दुसरी बाजू ठासून सांगते की हजारो प्रती अक्षरन् अक्षर सारख्या आहेत. दोन्ही समज प्रत्यक्ष हस्तलिखितांपुढे टिकत नाहीत.

पहिल्या शतकातील प्रत सापडल्याची बातमी अधूनमधून येत असते. अशी एकही प्रत आजवर निर्विवादपणे सिद्ध झालेली नाही. सर्वांत जुना म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो पपायरसचा तुकडा मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे. अभ्यासक त्याला ‘पी 52’ म्हणतात. तो जेमतेम नऊ सेंटिमीटर उंच आणि सहा सेंटिमीटर रुंद असून त्याच्या दोन्ही बाजूंवर सात-सात तुटक ओळी आहेत. योहानाच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायाचा, पिलाताने केलेल्या चौकशीचा तो भाग आहे. बर्नार्ड ग्रेनफेल यांनी तो 1920 मध्ये इजिप्तमध्ये खरेदी केला आणि सी. एच. रॉबर्ट्स यांनी 1935 मध्ये प्रसिद्ध केला. रॉबर्ट्स यांनी तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला ठरवला. पुढे अनेक पुस्तकांत त्याचे ‘इ.स. 125’ असे नेमके वर्ष झाले.

हा काळ ठरवला आहे तो केवळ अक्षरांच्या वळणावरून. वळणावरून काढलेला काळ पन्नास-पाऊणशे वर्षे सहज मागेपुढे होऊ शकतो, कारण एकच लेखनिक तरुणपणी शिकलेले वळण म्हातारपणापर्यंत गिरवत राहतो. ब्रेंट नोंगब्री यांच्यासारख्या अभ्यासकांनी पी 52 दुसऱ्या शतकाच्या अखेरचा, कदाचित तिसऱ्या शतकातलाही असू शकतो, असे दाखवून दिले आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या एका तुकड्याबाबतही असेच झाले. तो पहिल्या शतकातला असल्याचा गाजावाजा काही वर्षे चालला. 2018 मध्ये तो रीतसर प्रकाशित झाला तेव्हा त्याचा काळ दुसऱ्या शतकाची अखेर किंवा तिसऱ्याची सुरुवात असा निघाला. तरीही मार्कच्या प्राचीन प्रती इतक्या दुर्मीळ आहेत की तो मोलाचाच ठरतो.

ग्रीक हस्तलिखितांची एकूण संख्या साडेपाच हजारांहून अधिक भरते. त्यांची अधिकृत यादी जर्मनीत म्यूनस्टर येथे 1959 मध्ये कुर्ट आलांड यांनी स्थापलेली संस्था ठेवते. प्राचीन काळातल्या दुसऱ्या कोणत्याही ग्रीक ग्रंथाच्या वाट्याला इतक्या प्रती आलेल्या नाहीत हे खरे. पण प्रवचनांतून हा आकडा उच्चारला जातो तेव्हा पुढची गोष्ट बहुधा राहून जाते. यांतल्या बहुसंख्य प्रती नवव्या शतकानंतरच्या आहेत आणि पुष्कळशा तर उपासनेत वाचायच्या उताऱ्यांचे संग्रह आहेत. पपायरसवरच्या प्रती एकशेचाळीसच्या आसपास असून त्यांतले बरेचसे नुसते तुकडे आहेत.

इजिप्तच्या कोरड्या वाळूने जे जपले ते मात्र थक्क करणारे आहे. ऑक्सिरिंकस या प्राचीन नगराच्या उकिरड्यांत ग्रेनफेल आणि आर्थर हंट यांनी 1896-97 पासून खोदकाम केले. तिथे हिशेब, करारपत्रे आणि खाजगी पत्रांच्या ढिगांतून शुभवर्तमानांचे तुकडे निघाले. 1931 मध्ये जाहीर झालेल्या चेस्टर बीटी संग्रहातील ‘पी 46’ मध्ये पौलाची पत्रे आहेत आणि तो साधारण इ.स. 200 च्या सुमाराचा मानतात. मुळातल्या 104 पानांपैकी 86 उरली असून ती डब्लिन आणि मिशिगन विद्यापीठ यांच्यात वाटली गेली आहेत.

जुन्या चित्रांत आणि चित्रपटांत प्रेषितांच्या हाती गुंडाळी दिसते, त्यामुळे पहिली ख्रिस्ती पुस्तके गुंडाळ्यांवरच होती असे वाटते. उपलब्ध पुरावा उलट आहे. ग्रीक-रोमन जगात साहित्यकृती गुंडाळीवर लिहिण्याची रीत असतानाच ख्रिस्ती मंडळींनी मात्र शिवलेल्या पानांचे पुस्तक, म्हणजे कोडेक्स, पसंत केले. पी 52 दोन्ही बाजूंनी लिहिलेला आहे, तो यामुळेच. चारही शुभवर्तमाने एका बांधणीत मावणे आणि हवा तो उतारा पटकन काढता येणे, अशी कारणे सांगितली जातात. नेमके कारण कोणते यावर अजून वाद आहे. या प्रतींची आणखी एक खूण म्हणजे पवित्र नामांचे संक्षेप. देव, प्रभू, येशू, ख्रिस्त हे शब्द पूर्ण न लिहिता पहिले-शेवटचे अक्षर घेत आणि वर आडवी रेघ देत. शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नव्हती. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात, कारण पुढच्या अनेक चुका त्यांतूनच जन्मल्या.

सगळ्यांत प्रसिद्ध प्रत म्हणजे कोडेक्स सिनाइटिकस. चौथ्या शतकातली, चर्मपत्रावरची, बहुतेक पानांवर चार स्तंभ असलेली ही प्रत म्हणजे संपूर्ण नवा करार असलेले सर्वांत जुने हस्तलिखित होय. कोन्स्टांटिन टिशेनडॉर्फ यांनी भिक्षूंच्या शेकोटीतून ती वाचवली, ही तिची लोकप्रिय कथा. हे खुद्द टिशेनडॉर्फ यांचेच कथन आहे. 1844 मध्ये सिनाई पर्वताजवळच्या सेंट कॅथरिन मठात जाळण्यासाठी ठेवलेल्या टोपलीत आपल्याला पाने दिसली, असे त्यांनी लिहिले. मठाला हे कधीच मान्य झाले नाही. मठात पुस्तके ठेवायलाही टोपल्या वापरत, आणि चर्मपत्र हे काही चांगले सरपण नव्हे. शतकानुशतके ज्यांनी ही प्रत सांभाळली त्यांनाच अडाणी ठरवणारी ही कथा संशयानेच वाचायला हवी.

त्या भेटीत टिशेनडॉर्फ यांनी 43 पाने लाइपझिगला नेली. 1859 मध्ये रशियाच्या झारच्या पाठबळावर ते पुन्हा आले आणि परत करण्याचे लेखी वचन देऊन उरलेला मोठा भाग घेऊन गेले. 1869 मध्ये मठाकडून दानपत्र झाले. ते कोणत्या दबावाखाली झाले याची चर्चा अजून थांबलेली नाही. 1933 मध्ये सोव्हिएत सरकारने ही प्रत ब्रिटिश म्युझियमला एक लाख पौंडांना विकली आणि त्यातली निम्म्याहून अधिक रक्कम जनतेच्या वर्गणीतून उभी राहिली. 1975 मध्ये मठाच्याच एका बंद खोलीत आणखी काही पाने व तुकडे मिळाले. आज ही प्रत लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाई अशा चार ठिकाणी विभागलेली आहे. 2009 पासून तिची सर्व पाने इंटरनेटवर एकत्र पाहता येतात.

याच प्रतीच्या आधारे आणखी एका जबर गैरसमजाची तपासणी करता येते. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. 325 मध्ये नायसिया येथे भरवलेल्या परिषदेत मतदान करून बायबलमधील पुस्तके ठरवली आणि बाकीची जाळून टाकली, असे सर्रास सांगितले जाते. ‘द दा विंची कोड’ या 2003 च्या कादंबरीने हा समज घरोघरी पोचवला, पण तो तिचा शोध नव्हे. खरी-खोटी पुस्तके परिषदेत चमत्काराने वेगळी झाल्याची आख्यायिका नवव्या शतकातल्या एका ग्रीक ग्रंथात येते आणि अठराव्या शतकात व्हॉल्तेअरने तिची टिंगल करत ती युरोपभर नेली. परिषदेचे खरे विषय होते येशूच्या देवत्वाविषयीचे एरियस या धर्मगुरूचे मत, पुनरुत्थान-सणाची तारीख आणि चर्चची शिस्त. तिने केलेल्या वीस नियमांत पुस्तकांच्या यादीचा उल्लेखही नाही.

चारच शुभवर्तमाने ग्राह्य असे इरेनियसने दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातच आग्रहाने मांडले होते. उलट परिषदेनंतर लिहिलेल्या सिनाइटिकसमध्ये बर्णबाचे पत्र आणि ‘हर्मासचा मेंढपाळ’ ही आज बायबलमध्ये नसलेली पुस्तके आहेत. पाचव्या शतकातल्या कोडेक्स अलेक्झांड्रिनसमध्ये क्लेमेंटची म्हणून ओळखली जाणारी दोन पत्रे आहेत. नायसियात यादी पक्की झाली असती तर असे घडले नसते. नेमकी आजची सत्तावीस नावे असलेली पहिली ज्ञात यादी अलेक्झांड्रियाच्या अथनासियसने 367 मध्ये लिहिलेल्या पत्रात आढळते. कॉन्स्टंटाइनने युसेबियसकडून बायबलच्या पन्नास प्रती मागवल्या होत्या, हे खरे. सिनाइटिकस त्यांतलीच असावी, या तर्काला मात्र पुरावा नाही.

पाठभेदांचा प्रश्न सर्वांत वादग्रस्त आहे, आणि रंजकही. ऑक्सफर्डच्या जॉन मिल यांनी 1707 मध्ये सुमारे शंभर हस्तलिखिते ताडून तीस हजार पाठभेद नोंदवले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. आजचे अंदाज काही लाखांत जातात. आकडा ऐकून दचकायला होते. पण प्रती जितक्या जास्त तितके भेदही जास्त सापडणार. एकच प्रत उरली असती तर भेद शून्य असता आणि चूक पकडण्याचा मार्गही उरला नसता. बहुतेक भेद शुद्धलेखनाचे, शब्दक्रमाचे किंवा उघड नजरचुकीचे आहेत. ग्रीकमध्ये ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांचे उच्चार कालांतराने एकसारखे झाले, म्हणून पत्रांत कुठे ‘आमचा आनंद’ तर कुठे ‘तुमचा आनंद’ दिसतो.

काही भेद मात्र किरकोळ म्हणून बाजूला सारता येत नाहीत. सिनाइटिकसमध्ये मार्कच्या पहिल्याच ओळीत ‘देवाचा पुत्र’ हे शब्द मुळात नव्हते. ते नंतर ओळीच्या वर बारीक अक्षरांत भरले आहेत. हे शब्द नंतरची भर असू शकते. उलटही शक्य आहे: एकाच अक्षराने संपणारे चार संक्षेप लागोपाठ आल्यामुळे लेखनिकाची नजर घसरली असेल. मार्कचे शेवटचे बारा श्लोक, ज्यांत पुनरुत्थित येशूचे दर्शन येते, सिनाइटिकसमध्ये नाहीत आणि त्याच्याच काळच्या कोडेक्स व्हॅटिकॅनसमध्येही नाहीत. व्हॅटिकॅनसच्या लेखनिकाने तिथे एक स्तंभ कोरा सोडला आहे. व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीची हृद्य कथा योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत आढळत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातील त्रैक्याचा स्पष्ट उल्लेख तर ग्रीकमध्ये फार उशिरा शिरला. डच विद्वान इरॅस्मसने 1516 च्या छापील ग्रीक आवृत्तीत तो घेतला नव्हता. टीका झाल्यावर 1522 च्या तिसऱ्या आवृत्तीत घेतला. यातले काहीही आज दडवलेले नाही. अभ्यासकांच्या आवृत्त्यांत आणि अनेक आधुनिक भाषांतरांत कंस व तळटीपा देऊन ते सांगितलेले असते.

लेखनिक गुपचूप मजकूर बदलत आणि कोणाला पत्ता लागत नसे, ही कल्पनाही अर्धवट आहे. बदल होत, आणि त्यांवर नजरही असे. व्हॅटिकॅनसमध्ये इब्री लोकांस पत्राच्या पहिल्या अध्यायात कोणीतरी एक शब्द सुधारला. काही शतकांनी आलेल्या दुसऱ्याने तो खोडून जुना शब्द परत लिहिला आणि सुधारणाऱ्याला समासात चक्क शिवी हासडली.

जास्त प्रतींत आढळतो तोच पाठ खरा, असेही मानले जाते. एका चुकीच्या प्रतीवरून शंभर नकला झाल्या तरी त्या शंभर साक्षी होत नाहीत. म्हणून प्रतींचे परस्परसंबंध, वय आणि स्वभाव पाहावे लागतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना वि. स. सुखठणकर आणि सहकाऱ्यांनाही हेच करावे लागले. सर्वांत जुनी प्रत नेहमी बरोबर, असेही नसते. दहाव्या शतकातली ‘1739’ क्रमांकाची प्रत कितीतरी जुन्या आदर्श प्रतीवरून उतरवलेली असल्याने मोठ्या अधिकाराची मानली जाते. इरॅस्मसकडे मात्र मूठभर, उत्तरकालीन प्रती होत्या. प्रकटीकरणाचे शेवटचे पानच नसल्याने तेवढा भाग त्याने लॅटिनवरून ग्रीकमध्ये उलटा भाषांतरित केला. त्याच परंपरेच्या मजकुरावर 1611 चे प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर उभे आहे.

आजचे बायबल हे भाषांतराच्या भाषांतराचे भाषांतर असते, हा समज यातूनच आला असावा. आधुनिक भाषांतरे सामान्यतः थेट हिब्रू-ग्रीकवरून होतात. मराठीत पंडिता रमाबाईंनी त्यासाठी दोन्ही भाषा शिकून घेतल्या. त्यांचे संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले.

मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत 1947 च्या सुमारास निघालेल्या गुंडाळ्यांत येशूची गुप्त माहिती आहे, असे अनेकांना वाटते. त्या यहुदी आहेत. एका इवल्याशा तुकड्यात मार्कचा मजकूर असल्याचा दावा 1972 मध्ये झाला, पण बहुतेक अभ्यासकांनी तो स्वीकारला नाही. या गुंडाळ्यांचे महत्त्व जुन्या करारासाठी आहे: त्याआधी माहीत असलेली सर्वांत जुनी संपूर्ण हिब्रू प्रत इ.स. 1008 च्या सुमाराची होती, कुमरानने तो पुरावा हजारभर वर्षे मागे नेला. इजिप्तमध्ये 1945 साली नाग हम्मादी येथे मिळालेले कोडेक्स कॉप्टिक भाषेतले आणि वेगळ्या पंथीय साहित्याचे आहेत; थोमाच्या नावावरचे शुभवर्तमान त्यांतलेच.

जुन्या तुकड्यांना किंमत येताच बनावट तुकडेही बाजारात आले. येशूच्या पत्नीचा उल्लेख असलेला म्हणून 2012 मध्ये गाजलेला कॉप्टिक तुकडा 2016 पर्यंत बनावट ठरला, जरी त्याचा पपायरस खरोखर जुना होता. वॉशिंग्टनच्या म्युझियम ऑफ द बायबलकडे असलेले मृत समुद्र गुंडाळ्यांचे म्हटले जाणारे सोळाही तुकडे आधुनिक बनावट असल्याचा अहवाल 2020 मध्ये आला. त्यांचे चामडे प्राचीन होते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र शाई त्या चामड्याच्या आधीच पडलेल्या भेगांत उतरलेली दिसली.